काळी माती, चाक आणि राजमार्ग

एखाद्या प्रदेशाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे राजे, लढाया, तह आणि जमीनबंदोबस्त यांनीं पानेंच्या पानें भरून जातात. पण त्या प्रदेशांतील लोक एका गांवाहून दुसऱ्या गांवीं कशांत बसून गेले, त्यांच्या वाहनाचें चाक कोणत्या जमिनीसाठीं घडलें होतें आणि तें वळवावयास त्यांना काय करावें लागे, याकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या वर्धा जिल्ह्यांत आज दगडधोंडे व चिखल तुडविण्यासाठीं घडविलेल्या, उंच व रुबाबदार मोटारी पदोपदीं दिसूं लागल्या आहेत, आणि त्या बहुतेक सर्व वेळ गुळगुळीत राजमार्गावरून धांवत असतात. त्यांच्या वळण्याचा व स्थिर राहण्याचा प्रश्न हा मोटार-दुरुस्तीच्या कारखान्याचा विषय आहे, वाङ्मयीन मासिकाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रत्येक वाहन हें विशिष्ट जमिनीला दिलेलें उत्तर असतें. जमीन बदलली आणि उत्तर तेंच राहिलें तर तें चुकतें. आणि ती चूक वाहनाची नसून, तें मुळांत कोणत्या प्रश्नाचें उत्तर होतें हें विसरणाऱ्या माणसाची असते. आमच्या जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा वाहनेतिहास या विधानाची साक्ष देईल असें वाटतें.

प्रथम जमिनीचा विचार करूं. वर्धा, वणा व धाम या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी माती कापसाला जितकी मानवते तितकीच ती चाकाला वैरीण आहे. पावसांत ती फुगते, चिकटते आणि चाकाभोंवतीं थरावर थर चढविते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत पडलेले चाकांचे चर दगडासारखे टणक होतात. ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण ठराविक वहिवाटीच्या अर्थानें सहज वापरतों. पण मुळांत चाकोरी म्हणजे चाकानें पाडलेला चर, आणि त्यांत एकदां चाक पडलें कीं गाडीवानाची इच्छा कांहींही असो, गाडी त्या चरानेंच जाणार.

या जमिनीसाठीं शेतकऱ्यानें व सुतारानें मिळून जी बंडी सिद्ध केली, ती ओबडधोबड दिसली तरी अविचारी नव्हती. तिचें चाक मोठें, कारण मोठें चाक खळग्यांत कमी बुडतें व त्यांतून सहज वर चढतें. दोन्ही चाकें आंसावर स्वतंत्र फिरतात. त्यामुळें वळतांना आंतलें चाक मंद व बाहेरचें चाक जलद फिरूं शकतें. यंत्रानें चालणाऱ्या गाडीला हीच सोय देण्यासाठीं पुढें फ्रान्समध्यें पेकर यास १८२७ सालीं दांतेरी चक्रांची खास योजना करावी लागली. बंडीला सुकाणू नाहीं. जूं हेंच तिचें सुकाणू, आणि तें दोन सजीव प्राण्यांच्या मानेवर असतें. धुरकरी चुकला तरी बैल खड्डा चुकवितो. वाहनाची बुद्धि हांकणारा व ओढणारा यांत वांटलेली असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील सर्व इतिहास ती सारी एका माणसाच्या दोन हातांत येऊन पडण्याचा आहे.

१८६२ सालीं वर्धा हा नागपुरापासून वेगळा जिल्हा झाला, १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या वस्तीच्या जागीं वर्धा शहर आंखलें गेलें, आणि पुढल्याच वर्षीं रेल्वे नागपुरास पोहोंचली. हिंगणघाटचा कापूस त्याआधींच नांवाजलेला होता. आतां तो गाठोड्यांनीं स्टेशनाकडे जाऊं लागला, आणि त्याच्यासाठीं खडीच्या सडका आल्या. मातींत जें लोखंडी धांवेचें अरुंद चाक उपयोगी पडे, तेंच खडीची सडक कातरूं लागलें. नवी जमीन आणि जुनें चाक यांचा आमच्या जिल्ह्यांतील हा पहिला कलह होय.

दुसरा प्रसंग मौजेचा आहे, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. १९३६ सालीं महात्माजी शेगांवीं राहावयास गेले तेव्हां वर्ध्याहून तेथें जावयास पक्की सडक नव्हती. होती ती गाडीवाट. शेगांवचें सेवाग्राम हें नांव १९४० सालीं पडलें. त्या काळांतली एक गोष्ट वर्ध्यास अजून सांगतात ती अशी, कीं जमनालालजी बजाज यांनीं एका फोर्ड मोटारीचें एंजिन काढून तिला बैल जुंपविले, आणि बैल व फोर्ड या दोहोंच्या इंग्रजी नांवांची सांगड घालून लोक तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणूं लागले. या विनोदांत एक तत्त्व दडलेलें आहे. जेथें रस्ता मोटारीचा नाहीं तेथें मोटारीनें आपला वेग सोडावा व आपली मऊ बैठक तेवढी ठेवावी, हा व्यवहार त्या गाडीनें केला. आज आमच्यापुढें जो प्रश्न आहे तो याच्या नेमका उलट आहे: जेथें रस्ता पूर्णपणें वेगाचा आहे तेथें चिखलाच्या गाडीनें काय सोडावें?

ही चिखलाची गाडी कोठून आली हें पाहूं. १९४० च्या जुलैमध्यें अमेरिकन सैन्यानें मोटार-कारखान्यांकडे एक हलकी, चारही चाकांस जोर देणारी गाडी मागितली आणि पहिल्या नमुन्यास ४९ दिवसांची मुदत दिली. बॅंटम नांवाच्या लहानशा कंपनीनें तो नमुना सप्टेंबरांत हजर केला. पुढें विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत तशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. हीच जीप. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमध्यें अवघें ८० इंचांचें अंतर होतें, म्हणून ती अरुंद जागेंत वळे. पोट जमिनीपासून उंच होतें, म्हणून ती दगडावर अडकत नसे. पुढचा व मागचा दोन्ही आंस अखंड असून पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसविलेले होते, म्हणून आदळआपट सोसूनही त्या मोडत नसत. घाईच्या वेगाची अपेक्षा तिच्याकडून कोणी केलेली नव्हती.

आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीचें, गुलाम महंमद पाकिस्तानांत गेल्यावर, १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र असें नामांतर झालें. आणि १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें विलीज जीपची जुळणी होऊं लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समुदाय विकास योजना सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांत सरकार म्हणजे जीप असें समीकरण लोकांच्या मनांत रुजलें. बांधावरून, नाल्यांतून, कापसाच्या वावरांतून जीप येई. ती येई सावकाश, पण येई खास. तिच्याभोंवतीं जें प्रतिष्ठेचें वलय निर्माण झालें तें या खात्रीपणाचें होतें. आज तिच्या वंशजांना जो मान मिळतो त्याचें मूळ येथें आहे.

आतां या बांधणीचा राजमार्गावर काय परिणाम होतो तें थोडें बारकाईनें पाहिलें पाहिजे. उंचीचा मुद्दा सर्वांत आधीं. वळतांना गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० किलोमीटरवर जो जोर असतो त्याच्या चौपट तो १२० वर होतो. हा जोर गुरुत्वमध्यावर काम करतो, आणि तो मध्य जितका उंच व चाकांमधील रुंदी जितकी कमी, तितकी गाडी उलटण्यास सोपी. टपावर सामान लादणें म्हणजे हा मध्य आपल्या हातानें आणखी वर चढविणें होय.

नंतर सुकाणू. आंस अखंड असल्यामुळें एका चाकाखालीं उंचवटा आला कीं दुसरेंही चाक कलतें; आणि कमानी दबल्या कीं सुकाणूच्या दांड्यांचे कोन बदलून गाडी स्वतःहून किंचित् वळते. शिवाय खडकाळ जागीं चाकाला बसलेला तडाखा चालकाच्या मनगटापर्यंत पोहोंचूं नये म्हणून सुकाणूची दांतेरी पेटी मुद्दाम मंद ठेवलेली असते: हात पुष्कळ फिरवावा तेव्हां चाक थोडें वळतें. चिखलांत हा गुण आहे. राजमार्गावर मात्र सुकाणूच्या मध्यभागीं थोडी ढिलाई जाणवते, गाडी सरळ रेषेंत राहण्यास कुरकुरते, चालक ती सांवरावयास जातो, जरा अधिक सांवरतो, आणि मग उलट बाजूस सांवरावें लागतें. उंच सपाट अंगावर आडवा वारा आदळला कीं हाच खेळ वाढतो.

टायरांची गोष्ट वेगळी नाहीं. चिखल उपसून टाकण्यासाठीं ज्यांवर मोठाले उंचवटे ठेवलेले असतात, तीं टायरें कोरड्या सिमेंटवर त्या उंचवट्यांसकट डळमळतात व पकड उशिरा देतात. कांहीं हौशी तरुण कारखान्यानें दिलेलीं टायरें काढून त्याहून मोठीं बसवितात आणि गाडी आणखी उंच करवून घेतात. तसें केल्यानें सुकाणूचे मूळचे कोन बिघडतात, आणि वेगदर्शक कांटा खऱ्या वेगापेक्षां कमी वेग दाखवूं लागतो! शेवटची गोष्ट चारही चाकांना जोर देणाऱ्या दांड्याची. ज्या गाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांचा वेग जुळवून घेणारी मधली योजना नसते, त्यांत तो दांडा कोरड्या पक्क्या सडकेवर लावून ठेवला कीं वळतांना पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांशीं झगडूं लागतात. बंडीच्या दोन मोकळ्या चाकांनीं जो कलह सहज मिटविला होता, तो आपण पुन्हां उभा करतों.

हे दोष कोणाच्या लक्षांतच आले नाहींत असें नव्हे. १९७० सालीं इंग्लंडांत निघालेल्या रेंज रोव्हरनें गुंडाळीच्या स्प्रिंगा व चारही चाकांना कायमचा जोर यांची जोड देऊन चिखल आणि राजमार्ग यांचा प्रथमच नीट मेळ घातला. अमेरिकेंत मात्र अनुभवाची किंमत द्यावी लागली. आपल्या जिप्सीच्याच घराण्यांतील सुझुकी सामुराई ही गाडी उलटण्याचा धोका असल्यामुळें तेथील ग्राहक-मासिकानें १९८८ सालीं अस्वीकार्य ठरविली. आणि २००० सालीं फोर्ड एक्स्प्लोररवरील फायरस्टोन टायरें उन्हांत व वेगांत फाटून गाड्या उलटूं लागल्यावर लाखों टायरें परत मागवावीं लागलीं. १९९५ सालीं मर्सिडीझनें गाडी घसरूं लागतांच एकेका चाकाला स्वतंत्रपणें ब्रेक लावून तिला सांवरणारी विद्युत्-योजना बाजारांत आणली. १९९७ सालीं स्वीडनमध्यें, वाटेंत आलेलें जनावर चुकविल्यासारखी चांचणी घेत असतां त्याच कंपनीची एक लहान पण उंच मोटार उलटली, आणि ही योजना साध्या गाड्यांतही येऊं लागली. बैलाची हरवलेली बुद्धि यंत्रांत परत आणण्याचाच हा प्रयत्न म्हणावयाचा.

आपल्या देशांतही जीपचा चेहरा कायम ठेवून अवयव बदलण्यांत आले. २०१० सालच्या थारमध्यें पुढचीं चाकें स्वतंत्र झालीं, पण मागें पाट्यांच्या कमानीच होत्या. २०२० सालच्या थारमध्यें मागेंही गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. आणि २०२४ च्या लांब थार रॉक्समध्यें सुकाणूला विजेची मदत मिळाली. जुन्या जीपशीं तुलना केली तर आजची गाडी पुष्कळच शहाणी झाली आहे, हें निःसंशय. तथापि उंची, वजन व गुरुत्वमध्य हीं यंत्राच्या शहाणपणानें नाहींशीं होत नाहींत; त्यांचा परिणाम फक्त उशिरा जाणवतो, आणि जें उशिरा जाणवतें तें अधिक वेगांत जाणवतें.

आणि वेगाची आमच्याकडे आतां वाण नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपुर ते शिर्डी हा भाग खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं शेवटचा तुकडा पुरा होऊन ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग चालूं लागला. त्यांतील सुमारें ६० किलोमीटर आमच्या जिल्ह्यांतून जातात. येळाकेळी व विरूळ येथें त्यावर चढतां येतें. मोटारींना तेथें ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे एका सेकंदांत ३३ मीटर. डोळ्यांनीं पाहिलेलें मेंदूस कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढें अंतर संपून गेलेलें असतें. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या वर जातो, सिमेंट तापतें, आणि कमी हवेचें किंवा झिजलेलें टायर फुटावयास निमित्तच हवें असतें. जिल्ह्यांतील इतर उघड्या सडकांवर तर रात्रीं रोही वा रानडुक्कर आडवें येणें नित्याचेंच. अशा क्षणीं उंच गाडी झटक्यानें वळविणें व तितक्याच झटक्यानें परत वळविणें हें स्वीडनच्या त्या चांचणीहून निराळें नाहीं. सरळ राहून जोरानें ब्रेक दाबणें हेंच बहुधा श्रेयस्कर. पण तें हाताला आधीं शिकविलेलें असावें लागतें.

२०२२ च्या जानेवारींत सेलसुरा येथील पुलावरून रात्रीं मोटार खालीं कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी मृत्यु पावले. त्या गाडीची बांधणी कशी होती व त्या रात्रीं नेमकें काय घडलें याची चर्चा करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु आमच्यासारख्या ज्यांचें आयुष्य याच वयाच्या मुलांना शिकविण्यांत गेलें, त्यांना तेव्हांपासून वाहनाची विद्या हा गौण विषय वाटत नाहीं. त्याच वयाचीं मुलें आज या उंच गाड्या मोठ्या हौसेनें चालवितात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपली गाडी कोणत्या जमिनीसाठीं जन्मास आली हें कोणी सांगितलेलें नसतें. विक्रेता तिचा डोंगरावरील पराक्रम दाखवितो. राजमार्गावरील मर्यादा दाखविणें त्याच्या व्यवसायांत बसत नाहीं. परवाना देणारी परीक्षाही बहुधा थोड्याशा जागेंत, मंद वेगानें उरकली जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उंच गाडी घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं; आर्वीकडच्या टेकड्यांत अथवा पावसाळ्यांतील पांदणींत तिच्याइतकें विश्वासू वाहन दुसरें नाहीं. पण ती राजमार्गावर नेतांना जमनालालजींच्या त्या फोर्डनें जें केलें तें करावें: नव्या जमिनीवर जें शोभत नाहीं तें सोडावें. टपावरचा भार खालीं घ्यावा, टायरांत कारखान्यानें सांगितलेली हवा ठेवावी, चारचाकी जोराचा दांडा चिखलासाठीं राखावा, दृष्टि दूर ठेवून सुकाणू हळू व थोडें फिरवावें, आणि मर्यादा १२० ची असली तरी आपल्या गाडीची स्वतःची मर्यादा त्याखालीं असूं शकते हें मान्य करावें. बंडी हांकणाऱ्या धुरकऱ्यास आपली जमीन ठाऊक होती, आपलें चाक ठाऊक होतें, आणि जनावर कोठें बुजेल हेंही ठाऊक होतें. बुजणारें जनावर आतां गाडीला जुंपलेलें नाहीं. पण हांकणाऱ्यास तें ज्ञान असण्याची गरज त्यामुळें कमी झालेली नसून, वेग वाढला तितक्याच प्रमाणांत ती वाढलेली आहे.