एंझाइम-विन्यास, पेशीतील

चयापचयाचा वेग एंझाइमांच्या प्रमाणाइतकाच ती पेशीत कोठे वसली आहेत यावरही ठरतो. प्राण्यांच्या पेशीत मेदाम्ले पेशीद्रवात घडतात आणि मुख्यतः तंतुकणिकांत मोडतात. घडणीच्या वाटेवरचे मॅलोनिल-कोएंझाइम ए मेदाम्लांना तंतुकणिकेत शिरू देत नाही. त्यामुळे दोन्ही क्रिया एकाच वेळी जोरात चालत नाहीत. वनस्पतींत घडण लवकांत व विघटन पेरॉक्सिझोममध्ये होते.

सायटोक्रोम : पेशीश्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारी प्रथिने; या विषयाचा नीट अभ्यासलेला भाग. केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचे वर्णन केले. वनस्पतींच्या श्वसनात त्यांचे स्थान दाखवण्यात कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी, १९११–९८) यांचा वाटा मोठा आहे. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या भगिनीने केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम केले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी दोघांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. त्याच वर्षी भागवत यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध सुमारे ४० पानांचा होता. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक व संचालक झाल्या.

हे ऑक्सिडेज तंतुकणिकेच्या आतील पटलात रुतलेले असते. सायटोक्रोम सी हे लहान प्रथिन त्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला फिरते व एकेक इलेक्ट्रॉन ऑक्सिडेजपर्यंत पोचवते. तेच प्रथिन पेशीद्रवात निसटले, तर प्राण्यांच्या पेशीत नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू होते (१९९६). रेणू तोच, जागा बदलली की कार्य बदलते. श्वसनसाखळीतील संकुले एकत्र जुळलेली आढळतात. त्याने वेग वाढतो का, याविषयी एकमत नाही.

मेटाबोलोन : लागोपाठच्या विक्रिया करणाऱ्या एंझाइमांचा गट. संज्ञा पॉल स्रेरे यांची (१९८५). ट्रिप्टोफॅन सिंथेजमध्ये मधला पदार्थ सुमारे २५ अँगस्ट्रॉम लांबीच्या बोगद्यातून थेट पुढे जातो. अशा थेट हस्तांतरणाचा पुरावा इतरत्र सारखाच भक्कम नाही.

गणिती विश्लेषण : चयापचयाच्या वेगावरील नियंत्रणाचे गणित कॅक्सर व बर्न्स यांनी मांडले (१९७३).

ग्लायकोसोम : ट्रिपॅनोसोमा या परजीवीत ग्लुकोज-विघटनाची बहुतेक आरंभीची एंझाइमे पटलबद्ध कणिकेत असतात (ओप्परडोस व बोर्स्ट, १९७७). त्याच्या हेक्झोकायनेजला स्वतःच्या उत्पादिताकडून नेहमीसारखा अटकाव होत नाही; लगाम पटलाचाच असतो. एंझाइमे पेशीद्रवात राहिली, तर ग्लुकोजच्या सान्निध्यात फॉस्फेटयुक्त शर्करा साचून परजीवी मरतो.