पूरोत्तर स्वयंसेवा

पूर ओसरल्यावर बाधित गावे पुन्हा राहण्याजोगी करण्यासाठी नागरिकांनी विनामोबदला केलेले काम म्हणजे पूरोत्तर स्वयंसेवा. बचावकार्याहून ती वेगळी आहे. चढत्या पाण्यातून माणसे काढणे हे लष्कर, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि प्रशिक्षित पथकांचे काम. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली नाव उलटून अनेकांचा बळी गेला. धाडसाला साधनांची आणि शिस्तीची जोड नसली, तर काय होते हे त्या घटनेने दाखवले.

त्या महापुरात पंचगंगेची पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी उतरले तेव्हा घराघरांत गाळ, कुजलेले धान्य आणि भिजलेले अंथरूण-पांघरूण उरले होते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेतही हेच दिसले. गाळ ओला असतानाच उपसावा लागतो. वाळल्यावर तो फरशीला घट्ट धरतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत फावडे-घमेले घेऊन आलेल्या हातांचे मोल फार मोठे असते.

मात्र घाईने केलेली सफाई कुटुंबाचे नुकसानही करू शकते. पंचनामा होण्याआधी सामान बाहेर फेकले, तर भरपाईचा पुरावाच जातो. त्यामुळे आधी छायाचित्रे काढावीत आणि घरच्यांना विचारूनच वस्तू हलवाव्यात. मातीच्या भिंती पाणी उतरल्यावरही ढासळतात. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी लागते. अडगळीत साप असू शकतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे आवश्यक ठरतात. पायाला जखम असणाऱ्याने चिखलात उतरू नये. विहिरी उपसून त्यांत क्लोरीन टाकण्याचे काम आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे.

वस्तूंची मदत गावाच्या मागणीनुसार हवी. जुन्या कपड्यांचे ढीग अनेकदा रस्त्याकडेला पडून राहतात, आणि नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, भांडी, जनावरांचा चारा मात्र कमी पडतो. मुख्य रस्त्यावरच्या गावात गाड्यांची रांग लागते. आडबाजूच्या वस्तीपर्यंत कोणी पोचत नाही. सरपंच, तलाठी, आशा कार्यकर्त्या आणि बचत गटांतील महिला यांच्याकडून घरनिहाय यादी घेणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बाहेरून येणाऱ्या गटांनी तेथे नोंद केल्यास कामाची वाटणी सोपी होते. पुढच्या महिन्यांत शिधापत्रिका व सातबारा पुन्हा मिळवणे, भरपाईचे अर्ज भरणे, मुलांची वह्या-पुस्तके आणि खचलेल्या माणसांची विचारपूस ही कामे उरतात. तोवर बहुतेक गट परतलेले असतात. पूरग्रस्तांना स्वयंसेवकांची सर्वाधिक उणीव भासते ती याच काळात.