रोहिणी खाडिलकर आणि पुरुषांचा पट

१/ साल १९७६. मुंबईची १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष बुद्धिबळ स्पर्धेत उतरली आणि वादळ उठले. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे का, हा वाद थेट न्यायालयात गेला.

२/ निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही स्पष्ट केले, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

३/ १९८१ साली हीच रोहिणी आशियाई महिला विजेती ठरली. पुढे २००२ मध्ये हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारने गॅरी कास्पारोव्हला हरवले.

४/ स्त्रियांच्या बुद्धीचे माप काढण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : जिला पटावर बसूच दिले नाही, तिची क्षमता मोजणार कशी?