प्रमाण सी आणि बोली सी

आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात 'सी' म्हणून जे गिरवलं, ते खरं तर बोरलँडचं सी होतं. टर्बो सीची निळी स्क्रीन, कॉनिओ डॉट एच, ती क्लिअरस्क्रीन, तो गेटसीएच... यातलं काहीही सीच्या स्टँडर्डमध्ये नाही! १९८७ साली डॉससाठी आलेला हा कंपायलर आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये २००० नंतरही वर्षानुवर्षे चालला. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर नेला, की हेडरपाशीच एरर.

मग लिनक्सवाले स्टँडर्ड पाळतात का? छे! कंपायलरच्या एक्स्टेन्शन्सवर उभा असलेला सगळ्यात मोठा प्रोग्रॅम शोधायचा, तर लिनक्स कर्नलचंच नाव आधी घ्यावं लागेल.

थोडा इतिहास बघू. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली. १९७८ मध्ये कर्निहन-रिची यांचं पुस्तक आलं आणि दहाएक वर्षं तेच प्रमाण मानलं गेलं. पण पुस्तक म्हणजे काही कायदा नव्हे. त्यात जे सांगितलेलं नाही, ते प्रत्येक कंपायलरवाला आपापल्या मनाने ठरवायचा. शेवटी १९८३ मध्ये ॲन्सीची समिती बसली आणि १९८९ मध्ये स्टँडर्ड तयार झालं.

दरम्यान १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी आला होता. ग्नू प्रकल्पाची भूमिका आधीपासून स्पष्ट आहे: इतरांची स्टँडर्ड्स म्हणजे सूचना, हुकूम नव्हेत. प्रॅग्मा दिसला की काय करायचं ते कंपायलरने ठरवावं, असं समितीचं म्हणणं. तर जीसीसी १.१७ ओळखीचा नसलेला प्रॅग्मा दिसला की चक्क गेम सुरू करायला बघायचा, आणि गेम सापडला नाही तर इमॅक्समध्ये हनोईचे मनोरे! नियमाच्या चौकटीत राहून केलेली अशी चेष्टा दुसरी नसेल :)

पण सगळीच एक्स्टेन्शन्स गंमत म्हणून आली नाहीत. दोन आकड्यांतला मोठा काढणारा मॅक्रो घ्या. त्याला 'आय प्लस प्लस' दिलं, की शुद्ध सीमध्ये ते दोनदा वाढू शकतं. जीसीसीच्या टाइपऑफ आणि स्टेटमेंट एक्स्प्रेशनमुळे ते एकदाच वाढतं. शिवाय कर्नलला इंटरप्ट, रजिस्टर वगैरेंना हात घालावाच लागतो, आणि ते नुसत्या स्टँडर्ड सीमध्ये जमत नाही. त्यामुळे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी जीसीसी धरला आणि त्याची बोलीही उचलली, यात नवल नाही.

किंमत नंतर मोजावी लागली. 'एक्स्टर्न इनलाइन' याचा जीसीसीतला जुना अर्थ आणि १९९९ च्या स्टँडर्डमधला अर्थ जवळजवळ उलटे निघाले. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने डीफॉल्ट बदलून ग्नू ११ केला, तेव्हा जुना कोड लिंकरपाशी अडकू लागला. म्हणजे एक्स्टेन्शन वापरलं की दुसऱ्या कंपायलरवरच काय, त्याच कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीवरही अडायची वेळ येऊ शकते.

२००७ मध्ये ॲपलने क्लँग खुला केला. त्याला नुसतं स्टँडर्ड येऊन चालणार नव्हतं, जीसीसीची बोलीही शिकावी लागली. 'ॲसम गोटो' हे एक्स्टेन्शन २०१८ मध्ये एक्स८६ कर्नलसाठी सक्तीचं झालं. क्लँगला ते २०१९ च्या ९ व्या आवृत्तीत आलं. मधल्या काळात क्लँगवाले ताटकळले. उलट स्ट्रक्चरमधले बदलत्या लांबीचे ॲरे क्लँगने साफ नाकारले, तेव्हा कर्नलला ते काढावे लागले. पुढे डिसेंबर २०१८ च्या ४.२० मध्ये कर्नलमधून बदलत्या लांबीचे सगळेच ॲरे गेले. गंमत म्हणजे साधे बदलत्या लांबीचे ॲरे १९९९ च्या स्टँडर्डमध्ये आहेत! स्टॅक छोटा म्हणून स्टँडर्ड गोष्ट बाहेर, आणि गरज म्हणून नॉन-स्टँडर्ड आत.

२०२२ मध्ये ५.१८ कर्नल ग्नू ८९ वरून ग्नू ११ वर गेला. 'ग्नू' मात्र सुटला नाही. आणि टाइपऑफ? तीसेक वर्षं बोलीत राहून ते सी २३ मध्ये प्रमाण झालं.

माझं मत विचाराल तर एक्स्टेन्शन वापरणं हे पाप नाही. समितीसुद्धा बऱ्याचदा लोकांनी वापरून पारखलेलंच उचलते. पण आपण बोली बोलतोय हे ठाऊक हवं. पेडँटिक फ्लॅग लावून एकदा वॉर्निंग्ज मोजाव्यात, आणि जे खरंच लागतं ते कर्नलसारखं एका वेगळ्या हेडरमागे ठेवावं. दुसऱ्या कंपायलरने कोड तपासला, की पहिल्याला न दिसलेल्या चुका दिसतात, आणि पोर्टेबिलिटीचा हा फायदा रोजच्या कामातला आहे.

असो. मॅक्रोंवर लिहायचं राहिलंच, ते पुढच्या एखाद्या रविवारी.