चीनबद्दल जनरल थोरातांनी १९५९ मध्ये नेमकं काय सांगितलं होतं?

१९६२ च्या युद्धाचा विषय निघाला की सोशल मीडियावर एक गोष्ट हमखास फिरते. एका मराठी जनरलने तीन वर्षं आधीच चीनच्या हल्ल्याचा इशारा दिला होता, पण दिल्लीत कुणी ऐकलं नाही. गोष्ट खरी आहे, फक्त फॉरवर्डमध्ये ती अर्धीच येते. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी केवळ 'चीन हल्ला करेल' एवढंच म्हटलं नव्हतं. लढायचं कुठे आणि कुठे लढायचं नाही, हे त्यांनी कागदावर मांडलं होतं. १९६२ मध्ये जे घडलं ते समजून घ्यायला हा दुसरा भाग जास्त उपयोगी आहे.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ चा, कोल्हापूर भागातल्या वडगावचा. सँडहर्स्टला प्रशिक्षण घेऊन ते पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन बटालियन तीन भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही 'डीएसओ' हा सन्मान मिळाला. ही तीन नावं लक्षात ठेवा, कारण पुढे तिघेही याच गोष्टीत पुन्हा येतात. कोरियातल्या युद्धानंतर १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय तुकडीचं नेतृत्व थोरातांकडे होतं. १९५७ मध्ये ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले.

१९५९: प्रश्न कसा उभा राहिला?

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजूच्या चौकीवर चिनी सैन्याशी चकमक झाली. ऑक्टोबरमध्ये लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ भारतीय पोलिसांच्या तुकडीतले काही जण मारले गेले. आजचा अरुणाचल प्रदेश तेव्हा 'नेफा' म्हणून ओळखला जायचा. तिथल्या सीमेवर तोपर्यंत आसाम रायफल्सच्या विरळ चौक्या होत्या. आता ती जबाबदारी लष्कराकडे, म्हणजे थोरातांच्या कमांडकडे आली.

८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा आढावा लिहून लष्करप्रमुख थिमय्या यांच्याकडे पाठवला. त्यातला मुख्य मुद्दा थोडक्यात असा होता: मॅकमोहन रेषेला लागून असलेल्या चौक्या या फक्त डोळे आणि कान आहेत. शत्रू आला हे कळवणं आणि शक्य तितका त्याला उशीर लावणं, एवढंच त्यांचं काम. खरी लढाई मागे, बोमडिला, झिरो, दापोरिजो अशा पट्ट्यात द्यायची.

का? याचं उत्तर नकाशात आहे. तिबेटच्या पठारावर रस्ते करणं तुलनेने सोपं. आपल्या बाजूला मात्र आसामच्या मैदानातून थेट उभा डोंगर, दाट जंगल आणि खोल दऱ्या. पुढच्या बहुतेक चौक्यांना पीठ-मीठसुद्धा विमानातून टाकावं लागायचं. सीमेवरच लढलो तर आपली रसद तुटते आणि शत्रूची जवळ असते. शत्रूला आत खोलवर येऊ दिलं तर उलटं होतं: त्याचा पुरवठा खिंडींमधून लांबतो आणि आपला जवळ येतो. हाडाच्या शिपायाचा हिशोब होता हा, त्यात धाडसी असं काही नव्हतं.

१७ मार्च १९६० रोजी लखनौला, ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयात 'लाल किला' नावाचा सराव झाला. हातात असलेल्या फौजेनिशी चीनचा हल्ला आला तर काय होईल, हे नकाशा आणि वाळूच्या प्रतिकृतीवर वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडलं गेलं. निष्कर्ष असा की आहे त्या सैन्यात नेफा टिकणार नाही.

थोरातांच्या म्हणण्यानुसार थिमय्यांनी १९५९ चा कागद स्वतः संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना दाखवला. मेनन यांनी थोरातांना घबराट पसरवणारा आणि युद्धखोर ठरवलं, आणि चीनला आपण मुत्सद्देगिरीने थोपवू असं सांगितलं.

मग झालं काय?

थिमय्यांनी आपल्यानंतर लष्करप्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं. सरकारने पी. एन. थापर यांना निवडलं. मे १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. ईस्टर्न कमांड गेली कांगॉच्या तिसऱ्या सोबत्याकडे, सेन यांच्याकडे.

नोव्हेंबर १९६१ पासून धोरण थोरातांच्या सल्ल्याच्या बरोबर उलट दिशेने गेलं. सीमेलगत, जमेल तिथे नव्या चौक्या उभारायच्या, असं ते 'फॉरवर्ड पॉलिसी' म्हणून ओळखलं जाणारं धोरण. जून १९६२ मध्ये उभी राहिलेली धोला चौकी त्यातलीच. तिच्यासाठी एक ब्रिगेड नामका चू नदीच्या काठी, शत्रूच्या उंचवट्याखाली नेऊन बसवण्यात आली. अनेक जवानांकडे धड गरम कपडेही नव्हते. २० ऑक्टोबरच्या पहाटे ती ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली. महिन्याभरात सेला आणि बोमडिलाही गेले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

मेनन यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. थोरातांच्या आठवणीनुसार पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून विचारलं की तो कागद आपल्याला का दाखवला गेला नाही. याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरातांनी सांगितलं.

इथे थोडं थांबायला हवं. मेनन आणि नेहरू यांच्या प्रतिक्रियांचा तपशील मुख्यतः थोरातांच्याच आत्मचरित्रातून आपल्याला कळतो. 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' हे त्यांचं पुस्तक १९८६ चं, म्हणजे मेनन आणि नेहरू दोघांच्या निधनानंतरचं. शिवाय त्यांची योजना स्वीकारायची तर सुरुवातीला काही मुलूख शत्रूकडे जाऊ देण्याची तयारी लागली असती. 'एक इंचही जमीन देणार नाही' अशा घोषणा संसदेत घुमत असताना हे बोलणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. आज जे फॉरवर्ड थोरातांचा जयजयकार करतात, त्यातल्या अनेकांना हा भाग पचला नसता.

थोरात १९९२ मध्ये वारले. पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी १९६३ मध्येच पूर्ण केली होती. तिचा काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला. भारत सरकारने मात्र तो अहवाल अधिकृतपणे खुला केलेला नाही.