किल्ल्यातले कैदी आणि अनुच्छेद 22

केडगावहून नगरचा भुईकोट किल्ला फारसा दूर नाही. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्ही तो ओळखतो नेहरूंच्या ‘भारताचा शोध’मुळे आणि मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रांमुळे. मात्र ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव येथे आले ते कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने नव्हे. शासनानेच पकडले, शासनानेच डांबले. खटला चाललाच नाही.

हे चौघेही पुढे संविधान सभेत होते. तरीही अनुच्छेद 22 ने खटल्याविना स्थानबद्धतेला वाट ठेवली. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी तीवर जे बंध सुचवले, त्यांतला मुख्य असा : एरवी तीन महिन्यांपलीकडे कैद लांबवायची, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदास पात्र व्यक्तींच्या सल्लागार मंडळाचा कौल हवा. म्हणजे न्यायसंस्था दारापर्यंत आली, आत नाही.

फेब्रुवारी 1950 मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक मांडले ते गृहमंत्री पटेलांनी, म्हणजे किल्ल्यातल्याच एका जुन्या कैद्याने! त्यातील कलम 14 ने स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करण्यासही मनाई केली होती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 1950 रोजी ते कलम रद्द ठरवले. उरलेला कायदा मात्र उचलून धरला. आम्हांला हा निकाल तोकडा वाटतो, पण कारणे पाहण्याचा आपला हक्क न्यायालयाने सोडला नाही, हेही खरे. गोपालन मात्र त्या निकालानंतरही तुरुंगातच राहिले.