दुय्यम मंत्र्याची खुर्ची

२८ मार्च १८९५ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सर एडवर्ड ग्रे आफ्रिकेवरच्या चर्चेला उत्तर द्यायला उभे राहिले. वय बत्तीस. हुद्दा परराष्ट्र खात्यातल्या अंडर-सेक्रेटरीचा, म्हणजे कनिष्ठ मंत्र्याचा. मंत्रिमंडळात त्यांना जागा नव्हती. बोलता बोलता विषय नाईलच्या खोऱ्यावर आला. फ्रान्सने तिकडे गुपचूप मोहीम धाडली तर ब्रिटन ते मैत्रीला धरून झाले असे मानणार नाही, असे त्यांनी बजावले. सरकारातलेच काही ज्येष्ठ मंत्री यावर भडकले. पण शब्द गेला तो गेलाच. तीन वर्षांनी नाईलकाठच्या फशोदा इथे ब्रिटिश आणि फ्रेंच तुकड्या समोरासमोर आल्या, तेव्हा दोन शेजारी देश युद्धाच्या काठावर उभे होते.

इतके वजनदार वाक्य एका कनिष्ठ मंत्र्याच्या तोंडी का आले? कारण साधे होते. पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी आणि परराष्ट्रमंत्री लॉर्ड किंबर्ली हे दोघेही उमराव. त्यांची जागा लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात. कॉमन्समध्ये त्यांना बोलता येत नसे. लोकांनी निवडलेले सभासद प्रश्न विचारणार, मग उत्तर द्यायला खात्याचा कोणीतरी माणूस तिथे हवा. ही खुर्ची मोठी झाली ती या गरजेपोटी. शेजाऱ्यांशी संबंध सांभाळणे हे काम तिच्याकडे मागाहून चालत आले.

तिचे मूळ १७८२ मध्ये सापडते. त्या वर्षी चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्या हाताखाली स्वतंत्र परराष्ट्र खाते उभे राहिले. पहिल्या अंडर-सेक्रेटरींमध्ये नाटककार रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन होते. पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेले कर्झन याच खुर्चीवर १८९५ ते १८९८ बसले. त्यांचे वरिष्ठ लॉर्ड सॅलिसबरी पंतप्रधानही होते आणि परराष्ट्रमंत्रीही, पण लॉर्ड्समधले.

ही खुर्ची आपल्याकडेही आली, मात्र वेगळ्या वाटेने. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, त्यामुळे इंग्रजांची अडचण इथे नव्हती. इथे अडचण होती ती एकाच माणसावर पडलेल्या भाराची. १९४७ ते १९६४ पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री एकच, पंडित नेहरू. म्हणून पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९४८ मध्ये परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. आपण केसकरांना ओळखतो ते आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटवणारे मंत्री म्हणून. त्यांची परराष्ट्र खात्यातली वर्षे कोणी आठवत नाही, याची मला खंत वाटते. त्या खात्यात १९५७ पासून उपमंत्री आणि १९६२ पासून राज्यमंत्री असलेल्या लक्ष्मी मेनन यांचीही तीच गत.

ब्रिटनमध्ये या खुर्चीला खरे वळण लागले १९६० मध्ये. लॉर्ड होम परराष्ट्रमंत्री झाले आणि पुन्हा तोच जुना पेच आला. कॉमन्सची बाजू सांभाळायला लॉर्ड प्रिव्ही सील या पदावर एडवर्ड हीथ आले. ते मंत्रिमंडळात होते, पण खात्यात दुसऱ्या क्रमांकावर. वर्षभरात युरोपीय आर्थिक समुदायात शिरण्याच्या वाटाघाटी त्यांच्या गळ्यात पडल्या. ब्रुसेल्समध्ये त्यांनी एकेका मालासाठी घासाघीस केली: न्यूझीलंडचे लोणी, राष्ट्रकुलातली साखर, भारताचा चहा आणि सुती कापड. १४ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी पत्रकार परिषदेत नकार दिला आणि महिनाअखेर बोलणी मोडली. पण शेजाऱ्याच्या घरातला कोपरान् कोपरा हीथना तोवर पाठ झाला होता. ते शहाणपण वाया गेले नाही. पंतप्रधान म्हणून २२ जानेवारी १९७२ रोजी ते ब्रुसेल्सला प्रवेशाच्या करारावर सही करायला गेले, तेव्हा एका बाईने त्यांच्या अंगावर शाई फेकली. समारंभ लांबला. ते आवरून पुन्हा आले आणि सही केली.

पुढे युरोपचे काम राज्यमंत्र्याकडे देण्याची रीतच पडली. १९७९ मध्ये ते डग्लस हर्ड यांच्याकडे आले. २००९ मध्ये तर चक्रच उलटे फिरले: युरोपमंत्री करण्यासाठी ग्लेनिस किनॉक यांना उमरावपद दिले गेले, म्हणजे त्या लॉर्ड्समध्ये बसल्या आणि कॉमन्समध्ये उत्तरे देण्याचे काम आणखी एका कनिष्ठ मंत्र्याकडे, ख्रिस ब्रायंट यांच्याकडे आले. त्यांच्यानंतरचे डेव्हिड लिडिंग्टन २०१० पासून सलग सहा वर्षे टिकले. इतका मुक्काम या खुर्चीवर क्वचितच कोणाला मिळाला. सतत माणसे बदलणे हा या पदाचा मोठा दोष आहे असे मला वाटते, कारण शेजाऱ्यांशी ओळख जुळायलाच वर्ष जाते.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात वेंडी मॉर्टन यांच्याकडे युरोपीय शेजार आणि अमेरिका खंड अशी जबाबदारी आली. संघ सोडला, तरी इंग्लिश खाडीतल्या मासेमारीचे हक्क आणि जिब्राल्टरची सीमा हे प्रश्न तिथेच होते, आणि कॉमन्समध्ये त्यांवर विचारणा चालूच राहिली.